बबल टीचे मोती घरी करताना

बबल टी म्हणजे स्टार्चचे चिवट गोल दाणे, म्हणजेच ‘मोती’, घातलेला थंड दुधाचा चहा. त्यातल्या चहा, दूध आणि बर्फ यांत फारसं काही चुकत नाही. बबल टी बिघडतो तो मोत्यांपायी, आणि मोती बिघडतात ते पाणी पुरेसं गरम नसल्यामुळे.

मोत्यांना टॅपिओका स्टार्च लागतो, म्हणजे कसाव्याच्या कंदाचं निव्वळ पांढरं सत्त्व. साबुदाणाही याच सत्त्वाचा असतो, पण तो तयार होतानाच उष्णतेने अर्धवट शिजलेला असतो. म्हणून साबुदाणा दळून काम भागत नाही. ते पीठ वेगळ्याच प्रमाणात पाणी ओढतं आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

120 ग्रॅम स्टार्चला मी 70 मिली पाणी आणि 50 ग्रॅम गडद ब्राऊन शुगर घेते. स्टार्च थंड किंवा कोमट पाण्यात कालवला तर दाबल्यावर दगड आणि सोडल्यावर पाणी असा विचित्र चिखल होतो. त्यात कितीही पीठ घाला, गोळा होत नाही. स्टार्चचे कण साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगतात, त्याखाली ते नुसते तरंगत राहतात. उलट सगळाच स्टार्च शिजवला तर खळ होते, तीही वळता येत नाही. म्हणून एक तृतीयांश शिजवायचा आणि बाकीचा कच्चा मिसळायचा.

साखर-पाण्याला खळखळून उकळी आली की आच बंद करून लगेच 40 ग्रॅम स्टार्च घालते आणि भराभर घोटते. चकचकीत, चिकट खळ झाली पाहिजे. दुधाळ पातळ राहिली तर भांडं मंद आचेवर 20-30 सेकंद ठेवून घोटायचं. पातेलं लहानच घ्यावं. रुंद पातेल्यात 70 मिली पाणी बघता बघता आटतं आणि गोळा भेगाळतो. आता 60 ग्रॅम स्टार्च घालून, हाताला सोसेल इतपत निवलं की मळायला घेते. उरलेले 20 ग्रॅम ओट्यावर भुरभुरायला. दुमडल्यावर तडा गेला नाही म्हणजे मळणं पुरलं. तडे गेले तर गरम पाण्याचा हात लावायचा, थंड पाण्याचा नाही.

वळताना उरलेला गोळा झाकून ठेवावा, तो पाच मिनिटांत सुकतो. 7-8 मिलिमीटर जाड वळ्या करून तेवढेच तुकडे कापायचे. एवढ्या पिठाचे पाचशेच्या आसपास दाणे होतात. प्रत्येक दाणा तळहातावर गोल करायचा उत्साह पहिल्या शंभरातच संपतो. चौकोनी राहिले तरी शिजताना कोपरे बोथट होतात. एक सेंटिमीटरच्या वर मात्र जाऊ नका: शिजून ते आणखी फुगतात आणि स्ट्रॉमध्ये अडकतात.

निम्मे दाणे शिजवते, चार ग्लासांना पुरतात. बाकीचे स्टार्चमध्ये घोळवून ताटात सुटे पसरून गोठवायचे आणि नंतर डब्यात भरायचे. शिजवताना ते न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाकावेत.

पाणी दाण्यांच्या किमान दहापट, म्हणजे सव्वा लिटर तरी हवं, नाहीतर तेही खळीसारखं दाट होतं. पूर्ण उकळीतच दाणे सोडायचे आणि तळाला चिकटू नयेत म्हणून एकदा हलवायचं. वर तरंगले की मध्यम आचेवर 20 मिनिटं शिजवायचे, मग आच बंद करून झाकणाखाली आणखी 20 मिनिटं ठेवायचे. ही दुसरी वीस मिनिटं गाळू नका. बाहेरून मऊ आणि आत खडूसारखे झालेले मोती याच घाईचे असतात. एक कापून बघा, मधे पांढरा ठिपका दिसला तर पाच मिनिटं आणखी. विकतच्या सुक्या मोत्यांची वेळ पाकिटावरची पाळावी, आणि ते कधीही आधी भिजत घालू नयेत. थंड पाण्यात त्यांचा भुगा होतो.

गाळून गार पाण्याखाली पटकन फिरवले की वरचा बुळबुळीतपणा जातो. लगेच 50 ग्रॅम ब्राऊन शुगर आणि 25 मिली पाण्याच्या कोमट पाकात पंधरा मिनिटं मुरवते. विकतसारखा काळा रंग येत नाही, तपकिरीच राहतात. पाकात ते सुमारे चार तास चांगले असतात. फ्रिजमध्ये ठेवले की स्टार्च पुन्हा आवळतो आणि मोती कडक होतात. परत गरम करून थोडे सैलावतात, पण पहिला चिवटपणा येत नाही.

मोती शिजतात तोवर चहा. दोन ग्लासांसाठी 300 मिली उकळलेल्या पाण्यात 12 ग्रॅम काळा चहा झाकून ठेवायचा, दाणेदार असेल तर चार मिनिटं, पानाचा असेल तर सहा. चहा उकळायचा नाही आणि पत्ती पिळायचीही नाही, कडवटपणा तिथून येतो. इतका कडक चहा नुसता पिववत नाही, पण दुधातली प्रथिनं त्याचा तुरटपणा धरतात आणि बर्फ तो पातळ करतो. चहा गरम असतानाच त्यात साखर विरघळवा. गार पेयात गोडी कमी जाणवते, तेव्हा चवीला किंचित जास्त गोड ठेवलेलं बरं. मग पूर्ण थंड होऊ द्या.

एका ग्लासाला 120 मिली चहा, 60 मिली साईचं दूध. दुधाऐवजी 15 ग्रॅम दूध पावडर गरम चहात विरघळवली तर पाणी न वाढता दाटपणा येतो, मला तीच आवडते. झाकणाच्या बरणीत मूठभर बर्फासह पंधरा सेकंद जोरात हलवायचं, बरणी एक तृतीयांश रिकामी ठेवून. वर फेस येतो. ‘बबल’ हे नाव मूळचं या फेसाचंच, असं सांगतात. मोती आधी कुणी घातले यावर तैवानमध्ये ताइचुंगचं चुन शुई तांग आणि ताइनानचं हानलिन या दोन चहागृहांचा खटला दहा वर्षं चालला आणि 2019 मध्ये न्यायालयाने ते ठरवायची गरजच नाही म्हटलं.

ग्लासात आधी 60 ग्रॅम मोती दोन चमचे पाकासह, मग बर्फ, वरून चहा. स्ट्रॉ 12 मिलिमीटर रुंद हवा. लहान मुलांना मात्र स्ट्रॉ देऊ नका. ओढलेला मोती थेट घशात जाऊन अडकू शकतो. अगदी लहानांना मोती नकोतच, थोड्या मोठ्यांना चमच्याने चावून खाऊ द्यावेत.