कडूकंद आणि चुलीतली राख

जव्हार भागातल्या एका वारली पाड्यावर कडूकंद या रानकंदाची माहिती नोंदवायची होती. ओसरीवर बसून आजींनी सगळी कृती एका दमात उरकली: खणायचा, उकडायचा, चिरायचा, पाण्यात ठेवायचा. आवाज स्वच्छ आला, प्रश्नावलीचे रकाने भरले. पण तेवढ्यावर विसंबून कुणी कंद शिजवला असता तर आजारी पडला असता. कडूकंदात डायोसबल्बिन नावाची कडू द्रव्यं असतात आणि ती यकृताला बाधतात.

म्हणून ही कृती नुसती ऐकून लिहायची नाही. कंद खणल्यापासून ताटात येईपर्यंत सोबत राहायचं. डिसेंबरातल्या त्या दिवशी आजींनी कंद उकडून सोलले, विळीवर पातळ चकत्या पाडल्या आणि कुणाला काही न सांगता चुलीतली राख चाळून घेतली. टोपलीत चकत्यांचा थर, वर राख, पुन्हा थर. ओसरीवर राखेबद्दल अवाक्षर निघालं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "ती तं लावाचीच. त्यात काय सांगाचा?" घरातल्या पोरीसोरींनाही जे ठाऊक असतं ते मुद्दाम सांगावं असं कुणाला वाटतच नाही, आणि प्रश्नावलीतून नेमकं तेच निसटतं.

त्यानंतर प्रत्येक पायरीला थांबून "असं नाही केलं तर?" एवढंच विचारत गेलो. उत्तरं भराभर येऊ लागली. चकती जाड राहिली तर गाभा कडूच राहतो. टोपली डबक्यात ठेवली तर उतरलेला कडूपणा त्याच पाण्यात राहतो. वाहती धारच हवी. टोपली दगडांनी दाबून रात्रभर ओहोळात ठेवली. सकाळी आजींनी एक तुकडा जिभेच्या टोकाला लावला, थुंकला आणि टोपली परत पाण्यात सोडली. धार बारीक झाली की दुसरी रात्र लागते, हेही तिथेच कळलं. तीन दलांच्या पानाचा रानकंद याहून जहाल असतो, त्याची नोंद वेगळीच करावी लागते.

ओहोळाकाठी बोलणं रेकॉर्ड करू नये. पाण्याचा खळखळाट शब्दांवर बसतो आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. तिथे व्हिडिओ घ्यायचा आणि बोलणं घरी आल्यावर, तोच व्हिडिओ आजींना दाखवत. कॉलर माइक पदराला लावला की कापड घासतं, म्हणून तो गळ्याजवळ, पदराच्या बाहेर. बांगड्यांचा हात शक्यतो दूर. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या ध्वनिदर्जाची मोनो (एकाच वाहिनीची) वेव्ह फाइल तासाला साधारण ५२० एमबी होते. सुरुवातीला तारीख, पाडा, बोलणाऱ्याचं नाव आणि त्यांची संमती त्यांच्याच आवाजात घ्यायची. लिहून काढताना 'सांगाचा'चं 'सांगायचं' करायचं नाही.

वनस्पतीच्या ओळखीत एक वेगळीच अडचण आहे. कंद खणायच्या दिवसांत वेल वाळून गेलेली असते. पान नाही, फूल नाही, मग नमुना कशाचा दाबणार? त्यामुळे पावसाळ्यातच वेल गाठून ठेवावी लागते: एकेरी, हृदयाकृती पान आणि पानाच्या बेचक्यात लोंबणारे छोटे कंद. बुंध्याशी क्रमांकाची पत्र्याची पट्टी बांधायची, पानाफुलांचा नमुना वर्तमानपत्रात दाबायचा, कागद रोज बदलायचे. नाहीतर ओल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. हिवाळ्यात खणलेल्या कंदाला तोच क्रमांक.

कणसरी या धान्यदेवतेची कथा मात्र अशी तुकड्यातुकड्यांत मिळत नाही. घांगळी या तंतुवाद्यावर भगत ती गायला लागला की मध्ये "जरा थांबा, बॅटरी बदलतो" म्हणायची सोय नाही. दोन रेकॉर्डर थोड्या अंतराने सुरू करायचे, म्हणजे एकाचं कार्ड बदलेपर्यंत दुसरा चालू असतो.

औषधी मुळ्यांचा विषय निघाला तेव्हा भगताने यंत्र बंद करायला सांगितलं. ते बंद केलं. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याखाली गावाच्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवांची आणि त्यांविषयीच्या माहितीची वही, करायची असते, पण वहीत रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असं नाही. तिथे 'माहिती आहे, देणार नाहीत' एवढंच लिहिलं. बाकी फाइलींची एक प्रत पाड्यावर ठेवली, मेमरी कार्डावर, कारण तिथे लॅपटॉप नाही, मोबाइल आहेत.