त्रिनिदादमध्ये उटणं विकताना

पहिली बरणी उघडली तेव्हा क्रीमवर हिरवट-काळे ठिपके दिसले. करून जेमतेम नऊ दिवस झाले होते. कोरफडीचा गर, नारळाचं तेल, गुलाबपाणी आणि 'टिकण्यासाठी' व्हिटॅमिन ई. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकले होते. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, बुरशीला मात्र ते काहीच करत नाही, हे मला बारा बरण्या कचऱ्यात गेल्यावर कळलं.

मी मूळची सांगलीची. नवरा त्रिनिदादचा. टोरांटोत शिकताना ओळख झाली, लग्न झालं आणि मी शग्वानासला सासरी आले. नवरा पॉइंट लिसासच्या अमोनिया प्लांटवर पाळीला जातो. मला रेसिडेन्सी मिळेपर्यंत नोकरी-धंदा काहीच करता येत नव्हता, म्हणून तोपर्यंत स्वयंपाकघरात प्रयोग चालायचे. घरात नवऱ्याच्या आजी. त्यांना इथेही आजीच म्हणतात! ३० मे १८४५ ला फातेल रझाक जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे भारतातून करारावर आणलेले मजूर, इथे उतरले, त्यांच्या भोजपुरीतले असे बरेच शब्द इंग्रजीत विरघळून राहिलेत. मी आजींची 'दुलहिन', म्हणजे सूनबाई.

बुरशी बघून आजी म्हणाल्या, "दुलहिन, तुमच्याकडे कोरडं काही लावतच नाहीत का?"

लावतात की! दिवाळीत पहाटे कुडकुडत लावून घेतलेलं उटणं मी कसं विसरले, देव जाणे. पाणी नाही, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हची कटकट जवळजवळ नाही. क्रीमचा नाद सोडला आणि दोनच वस्तू ठरवल्या: उटणं, आणि पाण्याचा थेंबही नसलेलं कोको बटरचं मलम.

सामान जमवताना मजा आली. मसूर डाळ इथे रोजच्या खाण्यातली. संत्र्याच्या साली फुकट. नागरमोथा म्हणजे इथल्या शेतकऱ्यांना छळणारं नटग्रास, त्याच्या गाठी सासऱ्यांनी हसत हसत खणून दिल्या. आणि वाळा! उत्तरेकडच्या डोंगरात, पॅरामिनच्या उतारांवर माती धरून ठेवायला लोक तो बांधावर लावतात. मुळं धुऊन वाळवली तर साऱ्या घराला उन्हाळ्यातल्या माठाचा वास. मला इतकं रडू आलं की नवरा घाबरला. कपूरकाचरी आणि आंबेहळद मात्र मिळाली नाही. तेवढा पाठभेद मी मान्य केला.

वाळवणं हे मोठं काम. जून ते डिसेंबर इथे पावसाळा, हवा कायम दमट. उन्हात वाळवलेली साल संध्याकाळपर्यंत पुन्हा मऊ पडते. शेवटी फळं सुकवायचं इलेक्ट्रिक डिहायड्रेटर घेतलं. साल हातात कडकन मोडली तरच दळायची, दोनदा वस्त्रगाळ करायची आणि लगेच बंद करायची, हा माझा नियम. मलमाचं गणितही वेगळंच. नारळाचं तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे इथे ते बारा महिने पातळच. नारळतेल जास्त घातलेलं पहिलं मलम डिलिव्हरीच्या गाडीतच वितळलं. मग मेण आणि कोको बटर वाढवलं. गंमत म्हणजे त्रिनितारिओ कोकोचं नावच या बेटावरून पडलं, पण मला हवं तसं बटर मला मागवावं लागलं ते मायामीहून.

कागदपत्रांना वाटलं तितका त्रास झाला नाही. आधी नाव उपलब्ध आहे का बघायचं, ते राखून ठेवायचं, मग बिझनेस नेम म्हणून नोंदवायचं. माझं पहिलं नाव आधीच्या एका नावाशी जुळत होतं म्हणून परत आलं, दुसरं पास झालं. कंपनी काढली नाही, एकटीच्या नावावरच धंदा नोंदवला. मग बीआयआर नंबर घेतला. तो इथला करखात्याचा क्रमांक. वर्षाची विक्री ६ लाख टीटी डॉलरच्या (त्रिनिदाद-टोबॅगोच्या डॉलरच्या) आत असेल तर व्हॅटची नोंदणी सक्तीची नाही. माझी तेवढी विक्री व्हायला अजून दोन जन्म लागतील, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

घोडं अडलं बँकेत. धंद्याचं खातं उघडायला गेले तर पत्त्याचा पुरावा हवा, आणि घरातली सगळी बिलं सासऱ्यांच्या नावावर. मग दोन शिफारसपत्रं. मग पुढच्या वर्षाचा अंदाजे जमाखर्च. मग माल कुणाकडून घेता त्याची बिलं. "नागरमोथा सासऱ्यांनी खणला," हे त्या काउंटरवरच्या बाईंना सांगून बघितलं. त्या हसल्या, पण फॉर्मवर लिहायला त्यांच्याकडे रकाना नव्हता. सहा आठवडे, चार चकरा. कुणी हा धंदा सुरू करणार असेल तर माझं ऐका: खात्याचा अर्ज आधी टाका, इन्स्टाग्राम नंतर उघडा. मी उलटं केलं, आणि गिऱ्हाइकांना महिनाभर नवऱ्याच्या खात्यावर पैसे टाकायला लावले. बरं दिसत नाही ते.

पैसे घेण्याचीही एक तऱ्हाच. बहुतेकांकडे लिंक्सचं, म्हणजे इथल्या स्थानिक नेटवर्कचं डेबिट कार्ड, ते दुकानात चालतं, माझ्या वेबसाइटवर चाललं नाही. म्हणून 'ऑनलाइन धंदा' म्हणजे प्रत्यक्षात असं: फोटो इन्स्टाग्रामवर, बोलणं व्हॉट्सॲपवर, पैसे बँक ट्रान्सफरने किंवा माल हातात पडल्यावर रोख. मी आता नुसत्या स्क्रीनशॉटवर माल सोडत नाही, रक्कम खात्यात दिसल्यावरच सोडते. अनोळखी माणसाला घरचा पत्ता देत नाही. एक तर कुरिअर, नाहीतर शनिवारी सकाळी मॉलच्या पार्किंगमध्ये, दिवसाउजेडी आणि नवरा सोबत असताना.

खरं दुखणं मात्र अमेरिकन डॉलर. इथला डॉलर साधारण ६.८ ला एक अमेरिकन, पण त्या भावाने हवे तेवढे मिळतील तर शपथ! माझ्या कार्डाला महिन्याला २०० अमेरिकन डॉलरची मर्यादा आहे. त्यात बटर, झाकणं, बरण्या, वेबसाइटचं भाडं सगळं बसवायचं. माल आधी मायामीच्या स्कायबॉक्सवर, म्हणजे कुरिअर कंपनीने दिलेल्या तिथल्या पत्त्यावर येतो, तिथून विमानाने इथे. वर ७ टक्के ऑनलाइन पर्चेस टॅक्स, १२.५ टक्के व्हॅट, आणि जी काही ड्युटी असेल ती. रिकाम्या बरण्या वजनाला हलक्या पण खोकं मोठं, आणि भाडं खोक्याच्या आकारावर लागलं. पहिल्या खेपेला एक बरणी मला आतल्या उटण्यापेक्षा महाग पडली. मी जमिनीवर बसून तीनदा हिशेब केला. आता उटणं कागदी पाकिटातून देते, ती इथेच मिळतात. बरण्या फक्त मलमासाठी.

लेबलने मला सर्वांत जास्त शिकवलं. मी हौसेने लिहिलं होतं, 'एक्झिमा आणि पिंपल्स बरे करतं'. फार्मसीत काम करणाऱ्या नणंदेने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. इथल्या फूड अँड ड्रग्ज कायद्यात त्वचा स्वच्छ करणारी, खुलवणारी वस्तू म्हणजे कॉस्मेटिक, पण रोग बरा करते असं म्हटलं की ते औषध ठरतं. उटणं तेच, एका वाक्याने त्याची जात बदलते! ते वाक्य काढलं. घटकांची यादी, ग्रॅममधलं वजन, बॅच नंबर, तारीख घातली.

मग हळदीचा घोळ. त्रिनिदादमध्ये बोलताना हळदीला सर्रास 'सॅफ्रन' म्हणतात. आजी ठाम होत्या, सॅफ्रनच लिही. लिहिलं. टोरांटोतल्या एका बाईंनी भेट म्हणून मागवलं आणि मेसेज केला: एवढ्या पैशात केशर कसं काय परवडतं तुम्हाला? आता लेबलवर टर्मरिक असतं आणि पोस्टमध्ये 'हरदी'. हळदीचं प्रमाणही निम्म्यावर आणलं, कारण पांढऱ्या टॉवेलच्या तक्रारी फार आल्या.

दिवाळीला खूप खपेल असं वाटलं होतं. इथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते, शग्वानासला दिवाळी नगर नावाची जत्रा भरते, अंगणाअंगणात दिवे लागतात. पण आमच्यासारखं पहाटेचं अभ्यंगस्नान आमच्या गल्लीत कुणाला माहीतच नव्हतं. लोक विचारायचे, आंघोळीचा दिवाळीशी काय संबंध? ऐंशी पाकिटं केली होती, एकोणीस गेली.

वाट दाखवली ती पुन्हा आजींनीच. इथलं हिंदू लग्न रविवारी असलं की शुक्रवारी रात्री मटिकोर. बायका तासा (आपला ताशा) वाजवत माती आणायला जातात, आणि नवरा-नवरीला हरदी लागते. आजी शेजारच्या लग्नात माझी चार पाकिटं पदराखालून घेऊन गेल्या. सोमवारी नवरीच्या मावशीचा फोन आला, पुढच्या महिन्यात अजून एक लग्न आहे, बारा हवीत. तेव्हापासून मी तारखा लग्नांच्या धरते. पाकिटावर 'एका वेळेपुरतं' असं छापलं, कारण लोक ओला चमचा आत घालतात आणि मग पूडही बुरसते.

काल मलम भरायचं म्हणून बाथरूममधून एक रिकामी बरणी आणायला गेले. आजींनी त्यात उटणं भरून ठेवलेलं. आत ओला चमचा.