सेलानिकच्या स्वातंत्र्य चौकात

ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात बंदराजवळ ‘प्लातिया एलेफ्थेरियास’, म्हणजे स्वातंत्र्य चौक आहे. हे नाव ग्रीकांच्या स्वातंत्र्यावरून पडले असावे असे मलाही वाटले होते. प्रत्यक्षात ते ओस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या उतरत्या काळातले, शहर ‘सेलानिक’ म्हणून ओळखले जात होते तेव्हाचे आहे. जुलै 1908 मध्ये ‘तरुण तुर्क’ म्हणवल्या जाणाऱ्या सुधारणावाद्यांच्या उठावापुढे नमते घेऊन सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने तीस वर्षे गुंडाळून ठेवलेली 1876 ची राज्यघटना पुन्हा लागू केली, तेव्हा या चौकात आणि शहराच्या रस्त्यांवर मौलवी, ख्रिस्ती धर्मगुरू आणि रब्बी यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. साम्राज्यातली सारी प्रजा, धर्म कोणताही असो, ‘ओस्मानी’ म्हणवली जाईल, असे त्या घटनेचे आठवे कलम सांगत होते.

चौकातल्या बाकावर बसलो असताना दोन शब्द मनात घोळत राहिले. ओस्मानी दप्तरात प्रजेला ‘रेआया’ म्हणत, ती आपली रयतच. आणि नागरिकाला तुर्कीत ‘वतनदाश’ म्हणतात. आपल्याकडे वतन म्हणजे एका घराण्याचा पिढीजात हक्क, त्यावरून भाऊबंदकी ठरलेली. तिथे मात्र त्याच शब्दापासून, ज्यांचे वतन सामाईक आहे असे सगळे, हा अर्थ घडवला गेला.

या सामाईकपणाची खरी कसोटी सैन्यभरतीत लागली. सर्व धर्मीयांना समान हक्क देणाऱ्या सुलतानाच्या 1856 च्या फर्मानानंतर जिझिया गेला, पण बिगर-मुस्लिमांनी लष्करी सेवेऐवजी भरायचा कर आला. 1909 मध्ये तोही रद्द होऊन भरती सर्वांना सक्तीची झाली, आणि अनेक ख्रिस्ती व ज्यू तरुणांनी अमेरिकेची बोट धरली. तेवढ्यावरून हे नागरिकत्व निव्वळ देखावा होते असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सेलानिकमधून इमॅन्युएल कारासो हा ज्यू आणि दिमितर व्लाहोव्ह हा बल्गेरियन ख्रिस्ती संसदेत निवडून गेले, तर 1909 मध्ये आवराम बेनारोया यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कामगार संघटनेने आपले पत्र तुर्की, ग्रीक, बल्गेरियन आणि ज्यूंची लादिनो अशा चार भाषांत काढले.

दुपारी येनी जामी पाहिली. ज्यूंमधून इस्लाममध्ये गेलेल्या द्योन्मे समाजाने 1902 मध्ये ही मशीद बांधवली, ती पोसेली या इटालियन वास्तुकाराकडून. आत नक्षीतल्या सहा टोकांच्या ताऱ्यापाशी, म्हणजे ज्यूंच्या चिन्हापाशी, मी बराच वेळ थांबलो. 1912 मध्ये शहर ग्रीसकडे गेले. 1923 च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत धर्म हीच ओळख धरली गेल्याने इथल्या मुसलमानांबरोबर द्योन्मेंनाही तुर्कस्तानात जावे लागले, आणि त्यांची मशीद आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांचा आसरा झाली.

संध्याकाळी पुन्हा चौकात आलो. कोपऱ्यात ज्वाळांनी वेढलेल्या मेनोराचे, म्हणजे ज्यूंच्या सात शाखांच्या दीपाचे, ब्राँझचे स्मारक आहे, आणि त्या ज्वाळांत माणसांची शरीरे गुंफलेली आहेत. जुलै 1942 मध्ये जर्मनांनी 18 ते 45 वयाच्या सुमारे 9,000 ज्यू पुरुषांना याच जागी उन्हात तासन्‌तास उभे केले. पुढल्या वर्षी आउशवित्झच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटल्या. त्यांतले चाळिशीचे पुरुष 1908 मध्ये पाच-सहा वर्षांची मुले होती, आणि त्यांपैकी कोणी वडिलांच्या खांद्यावर बसून याच चौकातला तो जल्लोष पाहिला असेल.