पोटात नाही, पोटावर

आठवा संपता संपता मी कऱ्हाडला माहेरी गेले, तर अळिवाची पुडी माझ्याआधीच येऊन बसलेली. आत्ताच लाडू करा म्हटलं, तर आजीने पुडी उचलून वरच्या फळीवर सरकवली. "मोकळी झालीस की खा. अळीव गरम असतं." आमच्या घरात औषध असं चालतं: काय खायचं त्याआधी केव्हा खायचं नाही ते ठरतं.

शेजारच्या काकू मात्र घाईच्या. नववा भरला तरी कळा नाहीत म्हटल्यावर चहातून एरंडेल घे म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या उडाल्याच. "जुलाब लागतील, अंगातलं पाणी जाईल आणि सलाईन लावायला इथेच येशील." काकूंना मी 'घेतलं' म्हणून सांगितलं. अजून सांगत असते.

मुलगा झाला आणि पुडी खाली आली. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवलं की तासा-दोन तासांत एकेका दाण्याभोवती बुळबुळीत झगा चढतो, बेडकाची अंडीच जणू. मग खवलेलं खोबरं, गूळ, वरून जायफळ, आणि गोळा कढईची कड सोडेपर्यंत ढवळायचं. हे लाडू मी तक्रार न करता खाल्ले. बाळंतकाढ्याबद्दल तसं म्हणता येत नाही. तीन बाटल्या, दहा-दहा दिवसांची एकेक. आजीच्या वेळी दशमुळं आणून घरीच उकळत, पाण्याचा चौथा हिस्सा उरेपर्यंत. बेल, टेंटू, पाडळ, शिवण, अरणी, सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू, ती अजून पाढ्यासारखं म्हणते.

शेगडीवर ओवा-बाळंतशेपा टाकून धुरीही झाली. मी बाजेवर, बाळ आईकडे पलीकडच्या खोलीत, दार लावून. एवढ्याशा छातीत धूर नको, हे आजीला पटलं.

घुटीवर मात्र पेटलं. तिचा पितळी डबा मी लहानपणापासून बघतेय: मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, हिरडा, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, खारीक, बदाम. माप चमच्याचं नाही, सहाणेवरच्या वळशांचं. बदामाचे पाच, मुरुडशेंगेचे दोन, जायफळाचा अर्धाच, कारण त्याने गुंगी येते. तो अर्धा वळसा मारताना ती श्वास रोखते, मी पाहिलंय. म्हणूनच तिला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, यावर मी ठाम होते. वेखंड तर अमेरिकेत 1968 पासून खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे, हेही सांगून बसले. सांगायला नको होतं.

"मग तू कशावर वाढलीस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट मात्र वेळेवर यायचं, भाकरीवर तूप जरा जास्तच.

चौथ्या दिवशी बाळ पाय पोटाशी घेऊन रडत होतं. ती सहाण घेऊन आली, वेखंडाचा एकच वळसा मारला, आणि बोटाने तो लेप त्याच्या बेंबीभोवती गोल फिरवला.

"पोटात नाही, पोटावर. चालेल ना तुझ्या डॉक्टरीणबाईंना?"

मी त्यांना विचारलंच नाही.