चाळिशीनंतर नजर बसते का?

"भाऊ, रोज मोबाईलवर कोडी सोडवतो, मग डावात तीच चाल का दिसत नाही? वय झालं का?" भुसावळला संध्याकाळी बुद्धिबळाच्या पटावर जमणारे, दुकान वाढवून आलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळ्यांचा हाच प्रश्न. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

वय आड येतं, थोडं. दहा वर्षांच्या पोराइतक्या भराभर चाली मोजता येत नाहीत. पण चांगला खेळाडू आधी मोजत नाही, ओळखतो. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्राच्या संशोधकांनी खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवून तो आठवणीतून मांडायला लावला. खऱ्या डावातली स्थिती मास्टरने बरीचशी बरोबर मांडली. मोहरी कशीही विखुरली, की त्याची गत जवळपास नवशिक्यासारखीच. कॅसलिंग केलेला (हत्तीसोबतच्या चालीत कोपऱ्याकडे नेलेला) राजा, पुढची तीन प्यादी, शेजारचा हत्ती, हे सगळं त्याला एकगठ्ठा दिसतं. रावेरचा केळीचा व्यापारी बांधावरूनच सांगतो ना, घड कापणीला आला की नाही, तसं.

हा गठ्ठा बसतो तो तेच ते पुन्हा बघून. स्वीडनचा हान्स टिक्कानेन कोड्यांचा एकच संच पुन्हापुन्हा, दर फेरीला कमी वेळात सोडवत राहिला आणि २०१० मध्ये ग्रँडमास्टर नॉर्म, म्हणजे त्या किताबासाठी स्पर्धांत लागणारी कामगिरी, मिळवले. आपण मात्र रोज नवी कोडी मागतो. जुनं कोडं 'झालं' म्हणून सोडून देतो, तेव्हा ते नुसतं कळलेलं असतं, बसलेलं नसतं.

पण डावात न दिसण्याचं खरं कारण वेगळंच आहे. कोड्यात 'पांढऱ्याची चाल, काहीतरी आहे' हे आधीच माहीत असतं. डावात कोण सांगणार? घोड्याची ती जुनी मात घ्या, स्पेनच्या लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकातही आहे: काळा राजा कोपऱ्यातल्या एच-आठ या घरावर, आपला घोडा एच-सहावर. वजीर जी-आठवर देऊन शह द्यायचा, घोड्याच्या जोरामुळे राजाला तो मारता येत नाही, हत्तीला मारावा लागतो. मग घोडा एफ-सातवर, राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेला, मात. वजीर देण्याची मजा असते, म्हणून एवढंच लक्षात राहतं. आता काळ्याचा उंट जी-सहावर ठेवा. एफ-सात राखलं गेलं, वजीर फुकट गेला! ही दुसरी स्थितीही पहिलीइतक्याच वेळा बघायला हवी.

म्हणून मी वहीत दोन्ही शेजारी शेजारी काढायला लावतो, जमते ती आणि फसते ती. कोडी थोडीच, पण आपल्या हरलेल्या डावांतली आधी. महिनाभर तीच वही. तीन मिनिटांचे डाव रात्री जेवणानंतर खेळा हवं तर, पण त्याला सराव म्हणू नका.