एथनिक स्टडीज म्हणजे कुर्ते नव्हेत हो मामी

इथे अमेरिकेत आमच्या कॉलेजात सेकंड इयर संपता संपता मेजर, म्हणजे मुख्य विषय, डिक्लेअर करावा लागतो, तोपर्यंत थोडं बायो, थोडी नाटकं, थोडं इकॉनॉमिक्स असं काहीही घेत फिरा कोणी विचारत नाही, लिबरल आर्ट्सची मजा पण हीच आणि पंचाईत पण हीच. मी आले होते इकॉनॉमिक्स करायला आणि घेतलं एथनिक स्टडीज. घरी सांगितल्यावर बाबा नुसतं "बरं" म्हणाले (त्यांचं "बरं" म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना माहितेय) आणि मामी म्हणाली, अगं म्हणजे ते एथनिक वेअर, कुर्ते बिर्ते, फॅशन डिझायनिंगचं का?

तर मामी, थोडक्यात सांगते. एथनिक स्टडीज म्हणजे वंशाचा आणि गोऱ्यांखेरीजच्या लोकांच्या इतिहासाचा अभ्यास. 1968 च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या, मेक्सिकन, एशियन, नेटिव्ह (म्हणजे तिथल्या मूळनिवासी) पोरांनी मिळून संप केला, आमच्या लोकांचा इतिहास आम्हाला शिकवा म्हणून. साडेचार महिने चालला तो. पोलिसांचा मार, अटका सगळं झालं आणि 1969 मध्ये तिथे एथनिक स्टडीजचं वेगळं कॉलेजच उघडलं. लाठ्या खाऊन सिलॅबस मिळवला राव, आपण पोर्शन कमी करा म्हणून ओरडायचो.

आमच्या सेमिनारला अकरा जण, एका टेबलाभोवती, त्यामुळे वाचून गेलं नाही तर लपायला जागा नाही. त्या आठवड्यात भगतसिंग थिंदची केस होती. थिंद अमृतसरकडचा शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता, त्याला नागरिकत्व हवं होतं, आणि तेव्हाच्या कायद्यात ते गोऱ्यांना किंवा आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच मिळायचं. 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने नाही म्हणून सांगितलं. गंमत बघा, त्याच्या तीनच महिने आधी त्याच कोर्टाने ओझावा नावाच्या जपानी माणसाला तू कॉकेशियन (तेव्हाचे शास्त्रज्ञ ज्या वंशात गोऱ्यांना धरायचे तो) नाहीस म्हणून गोरा नाहीस असं सांगितलेलं, आणि थिंदला सांगितलं की शास्त्रज्ञ तुला कॉकेशियन म्हणत असतील पण साध्या माणसाला तू गोरा वाटत नाहीस. दोन्ही निकाल लिहिणारा जज एकच. क्लासमध्ये सगळे चिडले, मीही चिडले.

पण मग थिंदच्या बाजूने काय मांडलं होतं ते वाचलं. की हा उच्च जातीचा आहे, शुद्ध आर्य रक्ताचा आहे, आणि लग्नाच्या बाबतीत उच्च जातीचा हिंदू भारतातल्या आदिवासींकडे तसाच बघतो जसा अमेरिकन गोरा काळ्यांकडे बघतो. म्हणजे बघा, आम्हीपण तुमच्यासारखेच, आम्हीपण मुली देत नाही. हे वाचून बाकीचे दहा जण माझ्याकडे बघायला लागले, खरं तर बघत नसतील, पण मला तसं वाटलं, कारण ते वाक्य मी ऐकलंय, आमच्याच हॉलमध्ये, ताईचं स्थळ बघताना, पोह्यांच्या बशा हातात घेऊन. या कॅम्पसवर मी पर्सन ऑफ कलर, म्हणजे गोरी नसलेली. डोंबिवलीत आमचं आडनाव ऐकून लोक न विचारता भाड्याने घर देतात.

प्रोफेसरना ऑफिस अवर्समध्ये हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, यावर लिही. आणि लिहायला बसल्यावर फुले आठवले, शाळेत फोटोला हार घालायचो तेवढेच ठाऊक असलेले फुले. गुलामगिरी 1873 ची, आणि ती अर्पण केलीय अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना सोडवलं म्हणून, माझ्या देशबांधवांनीही शूद्रांना सोडवताना यांचा कित्ता गिरवावा अशा आशेने. थिंदच्या निकालाच्या बरोबर 50 वर्षं आधी. त्यांनी पण अमेरिकेकडे बघून जात आणि वंश शेजारी शेजारीच ठेवले होते, पण कशासाठी ठेवले ते बघा.

मला मराठी प्रत हवी होती. बाबांना मेसेज केला, पुस्तक बघून कुरिअर कराल का. दुसऱ्या दिवशी उत्तर, "मिळालं. आधी मी वाचतो." तीन आठवडे झाले. काल फोनवर विचारलं कुठवर आलं, तर म्हणाले, अर्पणपत्रिका वाचली, बाकी सावकाश वाचतोय, आणि मग आईला फोन दिला.