जुन्या कॉम्प्युटरला चार टीबीची हार्ड डिस्क

"ताई, दोन टीबीच्या वर जाऊ नका, एवढा जुना मदरबोर्ड ती डिस्क उचलणार नाही," असं मला दुकानात ठामपणे सांगण्यात आलं. उचलतो. जुन्या बोर्डाकडून कुठलं काम करून घ्यायचं आणि कुठलं नाही, एवढं मात्र आधी ठरवावं लागतं.

माझं मशीन जी३१ चिपसेटचं (बोर्डावरच्या मुख्य चिपांचा जुना संच), कोअर टू ड्युओ, विंडोज ७ (६४ बिट). ते बदलायचं नाही, कारण त्यात पीसीआय स्लॉटचं साउंड कार्ड आहे आणि त्यावरूनच मी बाबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी उतरवून घेते. नव्या बोर्डांवर तो स्लॉट आता सहसा मिळत नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटने रेकॉर्ड केलं की तासाला दोन जीबीहून थोडी जास्त जागा जाते. ९० मिनिटांची एक कॅसेट म्हणजे तीन जीबी. पखवाजाची थाप आणि टाळांचा किणकिणाट मला एमपी३मध्ये दाबायचा नाही. त्यामुळे १६० जीबीच्या मूळ डिस्कवर भागणं शक्यच नव्हतं.

अडचण जागेची नसते, पत्त्याची असते. डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरला, म्हणजे साठवणीच्या छोट्या कप्प्याला, क्रमांक असतो. पूर्वी तो २८ बिटांत लिहायचे, म्हणून १३७ जीबीला गाडी अडायची. विंडोज एक्सपीलाही त्यापुढे जायला सर्व्हिस पॅक १ लागायचा. मग ४८ बिटांचे पत्ते आले आणि ती भिंत पडली. पण डिस्कची वाटणी लिहून ठेवणारा एमबीआर तक्ता ३२ बिटांतच राहिला. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात, आणि ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर हिशोब २.२ टीबीला संपतो. दुकानातल्या 'दोन टीबी'चं मूळ हे आहे. जीपीटी या नव्या प्रकारच्या तक्त्यात पत्ता ६४ बिटांचा असतो, तिथे ही अडचण उरत नाही.

विंडोजची अट अशी, की जीपीटी डिस्कवरून ती सुरू व्हायची तर यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डावरचा नव्या पद्धतीचा प्रोग्रॅम) लागतं आणि माझ्या बोर्डावर त्याचा जुना प्रकार, साधा बायोस आहे. म्हणून विंडोज जुन्या डिस्कवरच ठेवली आणि चार टीबी फक्त डेटासाठी. बायोस स्क्रीनवर क्षमता चुकीची दिसली तरी घाबरायचं कारण नाही. विंडोज डिस्कला आकार स्वतः विचारते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'इनिशिअलाइझ' करताना जीपीटी निवडायचं, विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करायचं. ३.६३ टीबी दिसलं म्हणजे पूर्ण जागा मिळाली. कंपनी दशमानात मोजते, विंडोज १०२४च्या पटीत. चार टीबीच्या जागी १६७८ जीबीच दिसले, तर मधलं कुणीतरी ३२ बिटांतच मोजतंय, बहुधा जुना स्टोरेज ड्रायव्हर (विंडोजतर्फे डिस्क चालवणारा प्रोग्रॅम). तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आकार बरोबर दिसला तरी मी लगेच रेकॉर्डिंग टाकली नाहीत, आणि माझी कळकळीची विनंती आहे की कुणीच टाकू नयेत. वाटेतला एखादा ड्रायव्हर किंवा कंट्रोलर (डिस्क सांभाळणारी चिप) पत्त्याचे वरचे बिट गाळत असेल, तर २.२ टीबीच्या पुढे लिहिलेलं डिस्कच्या सुरुवातीला जाऊन बसतं. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर शून्यावर येतो, तसंच. फरक इतकाच की इथे शून्यावर आधीची भजनं असतात, आणि ती पुसली जाताना कसलीही सूचना येत नाही. म्हणून रिकामी डिस्क एचटूटेस्टडब्ल्यू या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅमने काठोकाठ भरली आणि सगळं परत वाचून पडताळलं. लिहायला नऊ-दहा तास, वाचायला तेवढेच. एकही चूक निघाली नाही, तेव्हाच कॅसेटी चढवल्या.

बसवण्याचं काम सोपं आहे. जास्त क्षमतेच्या काही डिस्कना बाजूची मधली स्क्रूची भोकं नसतात, त्यामुळे जुन्या कॅबिनेटच्या खाचेत ती दोन्ही टोकांना कसता येईल का, हे आधी बघावं. सर्व्हरसाठीच्या काही नव्या डिस्क जुन्या एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) फिरतच नाहीत: डिस्कला वीज देणाऱ्या साटा कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की त्या बंद राहायचा हुकूम समजतात. डिस्क मेलेली नसते. एसएमपीएसच्या मोलेक्स या जुन्या, चार पिनांच्या कनेक्टरवरून साटाची वायर जोडली की त्या पिनला वीज जात नाही आणि डिस्क चालू होते. अशी वायर घेताना मात्र साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकची घेऊ नये, ती आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत.

जुन्या यूएसबी डॉकमध्ये (डिस्क बाहेरून जोडायचा स्टँड) फॉरमॅट करून मग डिस्क आत बसवायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. काही डॉक सेक्टर ४०९६ बाइटचा असल्याचं सांगतात, आणि तीच डिस्क थेट बोर्डाला लावली की डिस्कची वाटणी सापडत नाही. जिथे राहायची आहे तिथेच फॉरमॅट करावी.

याच मापाची दुसरी डिस्क भावाकडे पुण्याला आहे. दिवाळीत तो येतो तेव्हा वर्षभरात उतरवलेलं सगळं तिच्यावर कॉपी होतं.